परसातली गोकर्णी: खान्देशातल्या बागेसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला आमच्या परसात गेली बरीच वर्षं गोकर्णीचे वेल आहेत. निळी एकेरी, निळी दुहेरी आणि पांढरी. बी मागायला येणारी माणसं जे विचारतात, तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची काळी माती, मे महिन्यातलं ऊन आणि नळाच्या पाण्याची ओढाताण धरूनच हे लिहिलं आहे. कोकणातल्या किंवा पुण्यातल्या बागेला यातलं काही जसंच्या तसं लागू होणार नाही.

गोकर्णी म्हणजे नेमका कोणता वेल?

वाटाणा, चवळी, हरभरा यांच्याच कुळातला, शेंगा धरणारा फुलवेल. फुलाचा आकार गाईच्या कानासारखा, म्हणून गोकर्ण. संस्कृतात अपराजिता. दसऱ्याच्या दिवशी शमीपूजनासोबत अपराजितापूजन असतं, ते नाव हेच. शास्त्रीय नाव क्लिटोरिया टर्नेटिया. त्यातलं टर्नेटिया हे इंडोनेशियातल्या टर्नाटे बेटावरून आलं.

एक गंमत फूल हातात घेतल्याशिवाय कळत नाही. वाटाण्याच्या फुलात मोठी पाकळी वर, छत्रीसारखी उभी असते. गोकर्णीचं फूल उलटं असतं: मोठी पाकळी खाली अंथरलेली आणि लहान पाकळ्या वरच्या बाजूला. भुंगा त्या निळ्या पाकळीवर उतरतो आणि पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्याकडे आत शिरतो, तेव्हा परागकण त्याच्या पाठीला लागतात. सकाळी आठच्या सुमारास वेलाजवळ पाच मिनिटं उभं राहिलं की हे सगळं दिसतं.

आमच्याकडे चिकण काळी माती आहे. तिच्यात येईल का?

येईल, आणि चांगली येईल. इथली माणसं इथेच विनाकारण घाबरतात. बागकामाच्या बहुतेक सल्ल्यांत ‘भुसभुशीत, निचऱ्याची जमीन’ असं लिहिलेलं असतं, ते वाचून लोक परसातली काळी माती उपसून लाल माती विकत आणतात. गोकर्णीला त्याची गरज नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या जड काळ्या जमिनीत ती गुरांच्या चाऱ्यासाठी पेरतात. ज्या जमिनीत कपाशी होते, त्या जमिनीत गोकर्णी होतेच.

तिला सोसत नाही ते साचलेलं पाणी. श्रावणात चार दिवस झड लागली आणि बुंध्याशी पाणी तुंबलं, की खालची पानं पिवळी पडून मूळ कुजायला लागतं. म्हणून जमीन सपाट असेल तर वीतभर उंचीचा वरंबा करा आणि त्यावर बी टोका. एवढं पुरे.

कुंडीत मात्र नुसती काळी माती घालू नका. कुंडीतली काळी माती उन्हात दगड होते, कडेने सुटते, आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली वाहून जातं. झाड तहानलेलंच राहतं. दोन भाग माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत आणि एक भाग वाळू किंवा कोकोपीट, असं मिश्रण करा. कुंडी १२ इंचांपेक्षा लहान नको. तिचं सोटमूळ खोल जाणारं असतं.

बी कधी लावायचं?

मृगाचा पाऊस पडून माती ओली झाली की. जून संपेपर्यंत लावलेला वेल गणपतीला फुलांवर असतो. बी उगवल्यापासून साधारण सहा ते आठ आठवड्यांत पहिलं फूल येतं. पाण्याची सोय असेल तर थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या शेवटीही लावता येतं. ते रोप मे महिना कसाबसा काढतं आणि पाऊस पडला की एकदम उसळतं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास, ऐन उन्हात नवं बी लावण्याचा अट्टहास करू नका. कोंब वर येतो आणि दुपारच्या झळीने करपतो.

बी टाकलं, पंधरा दिवस झाले, उगवतच नाही. काय चुकलं?

बी खराब नसतं, त्याची साल कडक असते. पाणी आतच शिरत नाही. गोकर्णीचं बी महिनोन्‌महिने मातीत तसंच पडून राहू शकतं आणि मग पुढच्या पावसाळ्यात, आपण विसरून गेल्यावर, उगवतं.

मी करते ते असं. बी खरखरीत फरशीवर किंवा काचकागदावर घासायचं. बीला एका बाजूला बारीक पांढरा डोळा असतो, कोंब तिथून निघतो, म्हणून ती बाजू सोडून पाठ घासायची. काळपट साल जाऊन आतला फिकट रंग टिपक्याएवढा दिसला की थांबायचं. मग वाटीभर कोमट पाण्यात रात्रभर ठेवायचं. सकाळी वाटीत दोन प्रकारचं बी दिसतं: काही फुगून दुप्पट झालेलं, मऊ, बोटाने दाबलं तर दबणारं, आणि काही जसंच्या तसं, खड्यासारखं. फुगलेलं लगेच लावायचं. खडा राहिलेलं पुन्हा घासून पुन्हा भिजत घालायचं. फुगलेलं बी अर्ध्या पेराएवढं खोल टोकलं, माती ओलसर ठेवली, की आठवडाभरात, फार तर दोन आठवड्यांत कोंब वर येतो.

जिथे वेल वाढवायचा तिथेच बी टोका. रोप उपटून दुसरीकडे लावलं की सोटमूळ दुखावतं आणि वेल महिनाभर बसून राहतो. रोप करायचंच असेल तर कागदी कपात करा आणि कपासकट जमिनीत पुरा.

आधार कसला द्यायचा? भिंतीवर आपोआप चढेल का?

नाही चढणार. गोकर्णीला वाटाण्यासारखे तणावे नसतात आणि भिंतीला चिकटणारी मुळंही नसतात. तिचं खोडच आधाराभोवती वेटोळे घेत वर जातं. म्हणून आधार बारीक हवा, तिच्या मिठीत मावेल असा. जाड लोखंडी पाइप, सिमेंटचा खांब किंवा कडुनिंबाचं खोड दिलं तर ती बिचारी पायथ्याशीच गोळा होऊन बसते, आणि लोक म्हणतात वेल वाढत नाही.

आपल्याकडे सगळ्यात चांगला आधार फुकट मिळतो: तुराट्या. तूर काढल्यावर शेतात पडलेल्या असतात. चार-पाच तुराट्या गोल रोवून वर एकत्र बांधल्या की झोपडीसारखा मांडव होतो. कपाशीच्या पऱ्हाट्याही चालतात, पण त्यांच्यावर आधीच्या हंगामातला पिठ्या ढेकूण लपून येऊ शकतो, म्हणून मी टाळते. भिंतीवर चढवायचा असेल तर खिळ्यांना उभ्या सुतळ्या बांधा, एकमेकींपासून वीतभर अंतरावर. वेल आठ-दहा फूट सहज जातो. पहिल्या फूटभर वाढीत शेंडा सुतळीवर नेऊन ठेवायला लागतो, पुढे तिचं ती बघते.

पत्र्याच्या भिंतीला टेकवून लावू नका. पश्चिमेकडचा पत्रा एप्रिल-मे मध्ये इतका तापतो की त्याला लागलेली पानं तळल्यासारखी होतात.

ऊन किती हवं? मे महिन्यात ४४-४५ अंशांत टिकेल?

जमिनीतला जुना वेल टिकतो. पानं दुपारी मिटतात, मलूल दिसतात, फुलं लहान आणि कमी येतात, पण सूर्य कलला की पुन्हा ताठ होतात. दुपारची ती मलूल पानं बघून पाणी ओतायला धावू नका. संध्याकाळी तशीच राहिली तरच पाणी द्या.

वर्षभर पाहिलं तर तिला रोज किमान सहा तास ऊन हवं. सावलीत वेल वाढतो, फुलत नाही. खान्देशात उत्तम जागा म्हणजे जिथे सकाळपासून दुपारपर्यंत स्वच्छ ऊन आणि तीन-चारनंतर घराची सावली. गच्चीवरच्या कुंड्यांना एप्रिल-मे मध्ये हिरवी शेडनेट लावा आणि कुंडी थेट स्लॅबवर न ठेवता दोन विटांवर ठेवा. तापलेला स्लॅब मुळं शिजवतो.

थंडीचं उलटं. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की पानं पिवळी पडून गळतात आणि फुलं थांबतात. वेल मेला असं समजून उपटू नका. खोड नखाने खरवडून पाहा. आत हिरवं असेल तर तो फेब्रुवारीत फुटेल.

नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येतं. एवढ्यात भागेल?

जमिनीत लावला असेल तर भागेल. याच कारणासाठी मी प्रत्येकाला सांगते की हातभर जरी माती असली तरी कुंडीऐवजी जमिनीत लावा. मुरलेल्या वेलाला पावसाळ्यात वरचं पाणी लागत नाही, हिवाळ्यात आठवड्यातून एकदा आणि उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी बादलीभर पुरतं. बुंध्याभोवती वाळकी पानं किंवा उसाचं चिपाड पसरलं की ओल आणखी टिकते. कुंडीला उन्हाळ्यात रोज लागतं, त्याला पर्याय नाही.

जास्त पाण्याने मेलेले वेल मी कमी पाण्याने मेलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त पाहिले आहेत. सुरुवातीच्या वर्षी मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालायची. शेजारच्या आजी त्यांच्या घराच्या धाब्यावरून, म्हणजे मातीच्या गच्चीवरून, बघत होत्या. एक दिवस म्हणाल्या, “इतलं पानी कसाले टाकी ऱ्हायनी वं माय?” म्हणजे, एवढं पाणी कशाला घालतेस? मी ऐकलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तो वेल बुंध्याशी काळा पडून आडवा झाला. उपटला तर मूळ हातात सालासारखं सोलून आलं, आणि त्याला कुबट वास होता. तेव्हापासून मातीत बोट खुपसून पाहिल्याशिवाय मी पाणी घालत नाही. दोन पेरं खाली ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही.

वेल हिरवागार आहे, पण फुलंच नाहीत.

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. दहापैकी आठ घरी उत्तर एकच निघतं: युरिया किंवा ताजं शेण.

गोकर्णी आपलं नत्र आपणच तयार करते. तिच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत रायझोबियम जातीचे जिवाणू राहतात आणि ते हवेतलं नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात. जुना वेल काढाल तेव्हा मुळं पाण्यात हळूच हलवून माती धुवा. मोहरी ते ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी चिकटलेल्या दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर ती कामाला लागलेली आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर नाही. अशा वेलाला वरून नत्र घातलं की तो पानांवर पानं काढतो, फुलांचं नाव घेत नाही, आणि गाठी धरणंही कमी करतो.

तेव्हा युरिया नकोच. वर्षातून दोनदा, पावसाच्या सुरुवातीला आणि दसऱ्यानंतर, ओंजळभर जुनं शेणखत किंवा गांडूळखत पुरे. कुंडीला दोन महिन्यांतून एकदा चमचाभर हाडांचं खत. चुलीची राख लोक हौसेने घालतात, पण आपली माती आणि बोअरचं पाणी मुळातच अल्कधर्मी, त्यात राखेची भर नको.

नव्या जागेत पहिल्यांदाच लावत असाल तर ज्या वावरात मूग किंवा चवळी घेतली आहे तिथली मूठभर माती आणून बी टोकताना खड्ड्यात टाका. गाठी धरायला मदत होते.

खत दिलेलं नसूनही फुलं नसतील तर ऊन कमी आहे, किंवा वेलावर शेंगा लटकून राहिल्या आहेत. शेंगा धरल्या की झाडाला वाटतं आपलं काम झालं. बी हवं तेवढ्या पाच-सहा शेंगा ठेवून बाकीच्या कोवळ्या असतानाच खुडा. आठ-दहा दिवसांत फरक दिसतो.

नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. हा रोग आहे का?

रोग नाही, लोह मिळत नाही. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही. कडक पाण्याने ते आणखी अडतं. १ लिटर पाण्यात ३ ते ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून, त्यात थोडा लिंबाचा रस पिळून, संध्याकाळी पानांवर फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर असेल तर मात्र पाणी जास्त होतंय.

कीड कोणती पडते?

मावा कोवळ्या शेंड्यांवर येतो, शेंडे चिकट होतात, मुंग्या दिसू लागतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेच बराचसा धुऊन जातो. उन्हाळ्यात पानांच्या खाली लाल कोळी, पानं धुळकट दिसतात आणि बारीक जाळी धरतात. परसाच्या पलीकडे कपाशी असेल तर पांढरी माशीही येते. तिन्हींना कडुनिंबाचं तेल, १ लिटर पाण्यात ५ मिली आणि साबणाचे थोडे थेंब, उन्हं कलल्यावर पानांच्या खालून. फुलं पूजेला किंवा चहाला घ्यायची असतील तर याच्या पुढचं कोणतंही रासायनिक औषध मारू नका.

कपाशीवरून आठवलं. ऑस्ट्रेलियात गोकर्णीच्याच अर्कापासून केलेलं कीडनाशक कपाशीवर वापरतात. आपल्या परसातल्या वेलात हे आहे, हे कपाशी पिकवणाऱ्या मुलखाला माहीत असायला हवं.

छाटणी करायची का?

हो, वर्षातून एकदा, फेब्रुवारीत. जमिनीपासून फूट-दीड फूट ठेवून सरळ कापा. मन घट्ट करावं लागतं, पण न छाटलेला वेल खाली लाकडी काठ्यांचा जुडगा होतो आणि फुलं फक्त वर टोकाला, हात न पोचेल तिथे येतात. कापलेला हिरवा पाला शेळ्या आवडीने खातात. तीन-चार वर्षांनी फुलं कमी व्हायला लागली की त्याच वेलाच्या बीपासून नवा लावा.

दुहेरी गोकर्णी बीपासून दुहेरीच येते का?

बहुतेक वेळा येते. गोकर्णीच्या फुलात परागीभवन बरंचसं कळी उमलण्याआधीच होतं, त्यामुळे जात बरीच शुद्ध राहते. तरी भुंगे येत-जात असतात. निळी आणि पांढरी शेजारी असतील तर पुढच्या पिढीत मिश्र रंग दिसू शकतात. बी ठेवायचं त्या वेलाला शक्यतो वेगळ्या कोपऱ्यात जागा द्या. दुहेरीला शेंगा कमी धरतात असा माझा अनुभव आहे, म्हणून पावसाळ्यात मी तिच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्याही लावून ठेवते. दहातल्या तीन-चार जगतात.

रोप विकत घेणार असाल तर फुलावर आलेलंच घ्या. एका रोपवाटिकेतून मी ‘निळी दुहेरी’ म्हणून दोन रोपं आणली, तीन महिने वाढवली, आणि दोन्हीला एकेरी पांढरी फुलं आली. पांढरी मला आवडते, आजही ती आहे. पण नवरात्रासाठी निळी फुलं देईन असं मी एकीला कबूल केलं होतं, ते राहून गेलं याचं वाईट वाटतं.

निळा चहा करतात तो याच फुलांचा का? पिणं सुरक्षित आहे?

याच फुलांचा. पाच-सहा फुलं, देठाजवळचा हिरवा भाग काढून, कपभर गरम पाण्यात टाकली की पाणी शाईसारखं निळं होतं. लिंबू पिळलं की डोळ्यांदेखत जांभळं. खाण्याचा सोडा चिमूटभर टाकला तर हिरवट. हा रंग अँथोसायनिन प्रकारचा आहे आणि आम्लात, अल्कात तो बदलतो. मुलांना हे तीन पेले शेजारी ठेवून जरूर दाखवा. सोड्याचा पेला मात्र पिण्यासाठी नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये गोकर्णीच्या फुलांच्या अर्काला खाद्यरंग म्हणून मंजुरी दिली.

फुलापुरतं हे ठीक. बी आणि मूळ मात्र रेचक आहेत. शेंगा वाटाण्याच्या कोवळ्या, चपट्या शेंगांसारख्या दिसतात म्हणून लहान मुलं तोंडात घालतात, तिथे लक्ष ठेवा. गरोदर बायकांनी आणि कायमची औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चहाही घेऊ नये. या चहाने वजन उतरतं, डोळे सुधारतात वगैरे जे सांगितलं जातं, त्यावर मी विसंबणार नाही.

विलायती स्वीट पी इथे लावता येईल का?

येईल, फक्त हिवाळ्यापुरती. लॅथायरस ओडोरॅटस हे तिचं नाव, मूळ सिसिली आणि दक्षिण इटलीकडचं. गोकर्णीला नसलेली एक गोष्ट तिच्याकडे आहे: सुवास. ऑक्टोबरमध्ये, ऊन नरमल्यावर बी भिजवून लावा. जानेवारी-फेब्रुवारीत फुलते आणि मार्चची झळ लागली की संपते. तिला वाटाण्यासारखे तणावे असतात, म्हणून जाळी हवी. गोकर्णीच्या उलट तिला पाण्याचा नेम आणि गार मुळं लागतात. आणि ही गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा: शेंग वाटाण्यासारखी दिसली तरी तिचं बी विषारी आहे, खायचं नाही.

पहिल्यांदाच बाग करणाऱ्याला मी स्वीट पी सुचवत नाही. आधी गोकर्णी लावा.

बी कसं साठवायचं?

शेंग वेलावरच वाळू द्या. हिरवी, चपटी, बोटाएवढी शेंग आधी पिवळी, मग गव्हाळ होते. ती पूर्ण तपकिरी व्हायच्या आधी एक-दोन दिवस तोडायची. उशीर झाला तर दुपारच्या उन्हात ती टचकन फुटते, दोन्ही फाकी पिळवटतात आणि बी चार हात लांब उडतं. आमच्या परसात तुळशीवृंदावनाच्या फटीत उगवलेला वेल असाच आला आहे. तोडलेल्या शेंगा सुपात घालून वर पातळ फडकं टाका आणि उन्हात ठेवा. फडक्याखाली टचटच आवाज येत राहतो. एका शेंगेत सहा ते दहा बिया निघतात. बी दोन दिवस सावलीत वाळवून कागदी पुडीत बांधा, पुडीवर रंग आणि साल लिहा, आणि पुडी डब्यात ठेवा. दोन-तीन वर्षं चांगलं उगवतं.

मी दर वर्षी दिवाळीनंतर पुड्या बांधायला घेते. एका पुडीत दहा बिया घालते. त्यातल्या चार घासायच्या राहिल्या तरी सहा उगवतातच.